मानेच्या आत खोलवर काय असतं? विद्यार्थ्यांचे आणि त्यांच्या घरच्यांचे नेहमीचे प्रश्न

पुण्यातल्या वैद्यकीय महाविद्यालयांत पहिल्या वर्षाला 'हेड अँड नेक' सुरू झालं की हात-पाय सहज पचवलेली मुलंही मानेपाशी येऊन अडखळतात. मी शरीररचनाशास्त्र शिकवते. एमबीबीएस, डेंटल आणि फिजिओथेरपीची मुलं जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात ते इथे एकत्र केले आहेत. काही प्रश्न त्यांच्या आई-वडिलांचे आहेत, काही आमच्या सोसायटीतल्या लोकांचे. बहुतेक उत्तरांमागे एकच आग्रह आहे: मानेतल्या एखाद्या अवयवाचं वर्णन पाठ करण्याआधी त्याच्या पुढे, मागे, आत आणि बाहेर कोण आहे ते बघा. मानेत शेजार कळला की बाकीचं बरंचसं आपोआप कळतं.

मान इतकी अवघड का वाटते? हात आणि पाय तर जमले होते.

हातात एका कप्प्यात साधारण एकाच कामाचे स्नायू, त्यांची एक नर्व्ह आणि एक धमनी असते. मानेत असं काही नाही. मेंदूला रक्त नेणाऱ्या धमन्या, तिथून परत येणाऱ्या शिरा, श्वासनलिका, अन्ननलिका, मज्जारज्जू, हाताकडे निघालेल्या नर्व्ह, छातीत उतरणाऱ्या नर्व्ह, थायरॉईड आणि लसिकाग्रंथींच्या साखळ्या एवढं सगळं एका अरुंद भागातून जातं. त्यातल्या बऱ्याच गोष्टी मानेच्या कामाच्याही नसतात, त्या फक्त तिथून पुढे जात असतात.

दुसरं कारण गर्भावस्थेतलं आहे. मानेतले कितीतरी भाग आज जिथे दिसतात तिथे तयारच झालेले नाहीत. थायरॉईड जिभेच्या मुळाशी उगम पावते आणि खाली सरकत येते. श्वासपटल मानेच्या पातळीवर तयार व्हायला सुरुवात होते आणि नंतर खाली जातं, म्हणून त्याची फ्रेनिक नर्व्ह आजही मानेतल्या सी ३, सी ४ आणि सी ५ (सी म्हणजे सर्व्हायकल, मानेचा) या मुळांमधून निघते. हे प्रवास डोक्यात असतील तर वाकडेतिकडे वाटणारे मार्ग समजू लागतात. ते नसतील तर नुसतं पाठांतर उरतं, आणि मानेचं पाठांतर फार दिवस टिकत नाही.

मानेची एकच आकृती काढायची झाली तर कुठली काढू?

सहाव्या मणक्याच्या पातळीवरचा आडवा छेद. पुस्तक मिटून, कोऱ्या कागदावर, निदान आठवड्यातून एकदा काढा.

ही पातळी स्वतःच्या मानेवर शोधता येते. कंठमणी चाचपा, तिथून बोट सरळ खाली न्या. एक मऊ खोबण लागेल आणि लगेच एक कडक गोल कडा लागेल. ती क्रायकॉइड कूर्चा. तिची खालची कडा सी ६ च्या समोर येते. इथे स्वरयंत्र संपून श्वासनलिका सुरू होते आणि घसा संपून अन्ननलिका सुरू होते. व्हर्टिब्रल धमनी सी ६ च्याच छिद्रात शिरते. सिंपथेटिक साखळीचा (आपोआप चालणाऱ्या क्रियांच्या नर्व्हची साखळी) मधला गँग्लिऑन, म्हणजे नर्व्ह-पेशींची गाठ, इथेच असतो. याच मणक्याच्या आडव्या प्रवर्धाचा पुढचा उंचवटा इतका ठसठशीत असतो की कॉमन कॅरोटिड धमनी त्यावर दाबता येते.

आकृती मागून पुढे भरत या. आधी मणका आणि त्यातला मज्जारज्जू. मणक्याच्या पुढे लाँगस कोलाय, बाजूला स्केलिन स्नायू, मागे पाठीचे खोल स्नायू. या सगळ्याभोवती प्रीव्हर्टिब्रल फॅशियाचं वेष्टण (फॅशिया म्हणजे स्नायू आणि अवयवांना वेढणारा चिवट पडदा). त्यापुढे मध्यभागी अन्ननलिका, तिच्यापुढे श्वासनलिका, श्वासनलिकेला दोन्ही बाजूंनी धरून थायरॉईडचे दोन लोब. त्या लोबांच्या मागे-बाहेर दोन कॅरोटिड शीथ, म्हणजे मानेतल्या मोठ्या धमनी-शिरेभोवतीची वेष्टणं. पुढे पट्ट्यासारखे चपटे स्नायू, बाजूला स्टर्नोमॅस्टॉइड, मागे ट्रॅपेझियस. शेवटी सगळ्याला वेढणारा इन्व्हेस्टिंग फॅशिया. एवढं झालं की प्रत्येक नर्व्ह त्यात एकेका ठिपक्याने ठेवायची. व्हेगस (मेंदूकडून छाती-पोटाकडे उतरणारी नर्व्ह) कुठे, फ्रेनिक कुठे, रिकरंट लॅरिंजियल (स्वरयंत्राची नर्व्ह) कुठे, सिंपथेटिक साखळी कुठे. हे चार ठिपके बिनचूक पडले तर मानेचा निम्मा अभ्यास झाला असं मी मानते.

फॅशिया कापून टाकायचाच असतो, मग त्याचा इतका अभ्यास कशासाठी?

कारण रोग फॅशियाच्या वाटेने पसरतो आणि सर्जनही त्याच वाटेने आत जातो.

खोल फॅशियाचे तीन मुख्य पदर आहेत. इन्व्हेस्टिंग पदर सगळ्यात बाहेरचा. तो मानेला पूर्ण वेढा घालतो आणि ट्रॅपेझियस व स्टर्नोमॅस्टॉइडपाशी दुभंगून त्यांना पोटात घेतो. प्रीट्रेकिअल पदर थायरॉईडला वेढतो. वर तो हायॉइड हाडाला बांधलेला असतो आणि खाली छातीत हृदयाच्या बाहेरच्या आवरणात मिसळतो. थायरॉईडची गाठ गिळताना वर सरकते ती या पदरामुळे आणि थायरॉईडला क्रायकॉइडशी बांधणाऱ्या बेरीच्या अस्थिबंधामुळे. ओपीडीत गाठ तपासताना रुग्णाला पाण्याचा घोट घ्यायला सांगतात ते यासाठीच.

तिसरा प्रीव्हर्टिब्रल पदर. मणका आणि खोल स्नायूंना झाकणारा. तो हाताकडे जाणाऱ्या नर्व्ह आणि धमनीसोबत काखेपर्यंत जातो. मानेच्या मणक्याला क्षयरोग झाला तर पू या पदराच्या मागे साठतो आणि घशाच्या मागच्या भिंतीवर मध्यभागी फुगवटा दिसतो. घशामागच्या लसिकाग्रंथीत पू झाला तर तो या पदराच्या पुढे असतो आणि फुगवटा एका बाजूला येतो, कारण तिथे मधोमध एक शिवण असते. दुसरा प्रकार लहान मुलांत जास्त, कारण या ग्रंथी वय वाढतं तशा आक्रसतात. फुगवटा मधे की बाजूला, एवढ्यावरून पू कुठल्या पदरात आहे याचा अंदाज येतो. मला मानेतली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

'डेंजर स्पेस' हे नाव खरंच इतकं गंभीर आहे का?

आहे. घशाच्या मागे आणि प्रीव्हर्टिब्रल पदराच्या पुढे आणखी एक पातळ पदर असतो, ॲलर फॅशिया. त्याच्या पुढची जागा रेट्रोफॅरिंजियल. ती छातीच्या वरच्या भागात संपते. ॲलर फॅशियाच्या मागची जागा मात्र कवटीच्या तळापासून थेट श्वासपटलापर्यंत मोकळी असते. हीच डेंजर स्पेस. सोसायटीच्या इमारतीत पाइपांसाठी गच्चीपासून तळापर्यंत उभी डक्ट असते. चौथ्या मजल्यावर गळती झाली तर ओल पहिल्या मजल्यावर दिसते. मानेतला संसर्ग या जागेत शिरला की छातीत हृदयामागे पू होतो, तो याच पद्धतीने.

दाताच्या दुखण्यातून माणसाच्या जिवावर बेतू शकतं का?

बेतू शकतं, आणि हा प्रश्न डेंटलच्या मुलांनी सर्वांत मनावर घ्यायला हवा. खालच्या जबड्याच्या आतल्या बाजूला मायलोहायॉइड स्नायू तिरका चिकटलेला असतो. पुढच्या दातांची मुळं त्या रेषेच्या वर राहतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या दाढेची मुळं मात्र बहुधा रेषेच्या खाली उतरतात. त्यामुळे अक्कलदाढेतला पू तोंडात न येता जबड्याखालच्या जागेत उतरतो. तो दोन्ही बाजूंना पसरला की जबड्याखालचा भाग लाकडासारखा कडक होतो, जीभ वर आणि मागे ढकलली जाते आणि श्वासाची वाट बंद होऊ लागते. विल्हेल्म फ्रेडरिक फॉन लुडविग यांनी १८३६ मध्ये याचं वर्णन केलं, म्हणून हे लुडविग्ज अँजायना.

घरच्यांसाठी साध्या शब्दांत: दाढदुखीनंतर तोंड उघडेनासं झालं, लाळ गिळता येईना, आवाज जाड झाला, हनुवटीखाली सूज घट्ट झाली किंवा आडवं झाल्यावर श्वास कोंडू लागला, तर सकाळच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. रात्रीच मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जा.

कॅरोटिड शीथमध्ये काय असतं? व्हायवात (तोंडी परीक्षेत) इथेच गोंधळ होतो.

आतल्या बाजूला धमनी, बाहेरच्या बाजूला इंटर्नल जुगुलर शीर, आणि दोघींच्या मधल्या खाचेत मागे व्हेगस नर्व्ह. धमनी खालच्या भागात कॉमन कॅरोटिड असते आणि थायरॉईड कूर्चेच्या वरच्या कडेपाशी दुभंगल्यावर वर इंटर्नल कॅरोटिड. इंटर्नल कॅरोटिड मानेत एकही फांदी देत नाही. ऑपरेशनमध्ये इंटर्नल आणि एक्स्टर्नल कॅरोटिड यांतली कुठली कुठली हे ओळखायची ती खूण आहे.

गोंधळ होतो तो सिंपथेटिक साखळीचा. ती शीथच्या आत नसते, शीथच्या मागे प्रीव्हर्टिब्रल फॅशियावर टेकलेली असते. अँसा सर्व्हायकॅलिस (पुढच्या पट्ट्यासारख्या स्नायूंची नर्व्ह) शीथच्या पुढच्या भिंतीत असते. एक पुढे, एक मागे, व्हेगस आत. साखळीला इजा झाली तर त्याच बाजूची पापणी थोडी खाली येते, बाहुली लहान होते आणि चेहऱ्याच्या त्या बाजूला घाम येत नाही. फुप्फुसाच्या टोकाला झालेल्या कर्करोगाची पहिली खूण कधी कधी अशी चेहऱ्यावर दिसते, कारण साखळीचा सर्वांत खालचा गँग्लिऑन पहिल्या बरगडीच्या मानेपाशी, फुप्फुसाच्या टोकाच्या अगदी मागे असतो.

आयसीयूत सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेतून हृदयाजवळ नेलेली नळी) शक्यतो उजव्या जुगुलरमधून का घालतात? उजवी शीर सहसा मोठी असते आणि हृदयाकडे सरळ जाते. डाव्या बाजूला थोरॅसिक डक्ट (लसिका रक्तात सोडणारी मुख्य नळी) असते. ती साधारण सी ७ च्या पातळीवर कॅरोटिड शीथच्या मागून वळते आणि डावी जुगुलर व सबक्लेव्हियन (हाताकडून येणारी) शिरा मिळतात त्या कोपऱ्यात उघडते. तिला धक्का लागला तर दुधाळ द्रव गळत राहतो आणि जखम लवकर भरत नाही.

मानेत नाडी बघताना दोन्ही बाजू एकदम का दाबायच्या नाहीत?

धमनी दुभंगते तिथे, इंटर्नल कॅरोटिडच्या सुरुवातीला, कॅरोटिड सायनस असतो. रक्तदाब वाढला की तो ग्लॉसोफॅरिंजियल नर्व्हमार्फत मेंदूला कळवतो आणि हृदयाची गती कमी केली जाते. बोटाचा दाब त्याला वाढलेल्या रक्तदाबासारखाच वाटतो. वयस्कर माणसाला त्याने भोवळ येऊ शकते. शिवाय दोन्ही बाजू दाबल्या तर मेंदूचा रक्तपुरवठाच कमी होतो. एका बाजूला, कंठमण्याच्या पातळीच्या जरा खाली, हलक्या हाताने बघा.

थायरॉईडच्या ऑपरेशननंतर आवाज जातो असं ऐकलंय. आईचं ऑपरेशन ठरलंय, घाबरायचं का?

हा प्रश्न फार लोक विचारतात. सवाई गंधर्व महोत्सव भरतो त्या शहरात आवाजाची काळजी वाटणं स्वाभाविकच आहे. म्हणून सविस्तर सांगते.

स्वरयंत्राकडे व्हेगसच्या दोन वाटांनी नर्व्ह जातात. पहिली रिकरंट लॅरिंजियल. नावाप्रमाणे ती खाली जाऊन परत वर येते. उजवी सबक्लेव्हियन धमनीखालून वळते, डावी थेट छातीत उतरून महाधमनीच्या कमानीखालून वळते. गर्भात हृदय आणि धमन्यांच्या कमानी मानेजवळ असतात. पुढे त्या छातीकडे सरकतात आणि त्यांच्याखालून गेलेली नर्व्ह सोबत ओढली जाते. उजवीकडे सहाव्या कमानीचा बाहेरचा भाग नाहीसा होतो, त्यामुळे ती नर्व्ह वर सुटते. डावीकडे तोच भाग टिकतो, म्हणून डावी नर्व्ह छातीतच अडकते. याचा व्यवहारातला अर्थ असा की बसलेला आवाज दोन-तीन आठवड्यांत सुटला नाही तर कान-नाक-घसातज्ज्ञ घसा तपासतात, आणि डावी स्वरतंतू हलत नसेल तर छातीचाही फोटो काढतात. दोष घशात नसून फुप्फुसाजवळच्या गाठीत असू शकतो.

परत वर येताना ही नर्व्ह श्वासनलिका आणि अन्ननलिकेच्या मधल्या खाचेतून थायरॉईडच्या लोबामागून जाते आणि वाटेत इन्फिरिअर थायरॉईड धमनीला ओलांडते. कधी धमनीच्या पुढून, कधी मागून, कधी तिच्या फांद्यांमधून. क्वचित उजवीकडे ती खाली न जाता व्हेगसमधून थेट स्वरयंत्राकडे जाते. त्या माणसात सबक्लेव्हियन धमनीचा उगमही वेगळा असतो. म्हणून चांगला सर्जन नर्व्ह टाळायचा प्रयत्न करत बसत नाही. तो ती शोधतो, डोळ्यांनी बघतो आणि मग ग्रंथी सोडवतो.

दुसरी एक्स्टर्नल लॅरिंजियल, जिच्याकडे पूर्वी दुर्लक्ष व्हायचं. ती सुपिरिअर थायरॉईड धमनीच्या सोबतीने उतरते आणि स्वरयंत्राच्या स्नायूंपैकी फक्त क्रायकोथायरॉइडला जाते. हा स्नायू स्वरतंतू ताणतो. तो कमजोर झाला तर रोजचं बोलणं जवळजवळ तसंच राहतं, पण तार सप्तकात आवाज चढत नाही आणि पटकन थकतो. गायिका, शिक्षिका, कीर्तनकार यांनी आपला व्यवसाय सर्जनना आधीच सांगावा. ग्रंथीच्या वरच्या टोकाला धमनी ग्रंथीच्या अगदी लगत बांधली की ही नर्व्ह वाचते.

सुश्रुतांनी मर्मांच्या वर्णनात कंठनाडीच्या दोन्ही बाजूंना नीला आणि मन्या सांगितल्या आहेत, आणि तिथे इजा झाली तर मूकता, स्वर बिघडणं आणि चव न कळणं ही लक्षणं दिली आहेत. आयुर्वेदाच्या विद्यार्थ्यांबरोबर यावर बोलताना मला नेहमी आनंद होतो. कंठनाडीच्या बाजूचा घाव आणि आवाज यांचं नातं इतक्या पूर्वी कोणीतरी रुग्णाजवळ बसून नोंदवलं होतं.

आता आईबद्दल. ऑपरेशननंतर काही दिवस किंवा आठवडे आवाज घोगरा राहणं असामान्य नाही. नर्व्ह अखंड असेल तर बहुधा तो सुधारतो. दोन्ही बाजूंच्या रिकरंट नर्व्हना एकाच वेळी इजा होणं दुर्मीळ, पण झाली तर श्वासाचा प्रश्न होतो आणि तो रुग्णालयातच लगेच लक्षात येतो. सर्जनना दोन गोष्टी जरूर विचारा: ऑपरेशनच्या आधी स्वरतंतू तपासणार का, आणि नंतर कॅल्शियम कधी तपासणार.

कॅल्शियमचा इथे काय संबंध?

थायरॉईडच्या मागे चार पॅराथायरॉईड ग्रंथी असतात. प्रत्येकीची लांबी जेमतेम ५-६ मिलिमीटर. रक्तातलं कॅल्शियम त्या सांभाळतात. ऑपरेशनमध्ये त्या निघाल्या किंवा त्यांचं रक्त तुटलं तर ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, हाताला वांब येतात. चारही ग्रंथींना बहुधा इन्फिरिअर थायरॉईड धमनीच रक्त देते, म्हणून तिच्या फांद्या ग्रंथीच्या कडेला एकेक करून बांधतात.

खालच्या दोन ग्रंथी गर्भातल्या घशाच्या तिसऱ्या पिशवीतून येतात, वरच्या दोन चौथीतून. खालच्यांचा प्रवास जास्त लांबचा, थायमस या छातीतल्या ग्रंथीच्या सोबतीने, त्यामुळे त्या कधी कधी छातीतही सापडतात. माणसातल्या या ग्रंथींचं वर्णन स्वीडनच्या इव्हार सँडस्ट्रॉम यांनी १८८० मध्ये केलं. त्यांच्याही आधी लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या एका भारतीय गेंड्याचं विच्छेदन करताना रिचर्ड ओवेन यांना ही ग्रंथी दिसली होती.

स्केलिनस अँटिरिअरवर प्रत्येक परीक्षक का येतो?

एका स्नायूभोवती इतका शेजार दुसरीकडे कुठे नाही. तो सी ३ ते सी ६ च्या आडव्या प्रवर्धांपासून पहिल्या बरगडीवर उतरतो. त्याच्या पुढून सबक्लेव्हियन शीर जाते. त्याच्या मागून सबक्लेव्हियन धमनी आणि ब्रेकिअल प्लेक्ससची (हाताकडे जाणाऱ्या नर्व्हच्या जाळ्याची) मुळं जातात. त्याच्या अंगावरून फ्रेनिक नर्व्ह बाहेरून आत तिरकी उतरते. मानेत एकच नर्व्ह अशी स्नायूच्या पुढच्या बाजूवरून बाहेरून आत जाताना दिसली की ती फ्रेनिक. डिसेक्शनमध्ये तिच्यावरचा फॅशिया घाईने उचलू नका, तिला धरून ठेवणारा तोच आहे.

काही थोड्या लोकांना सी ७ मणक्यापासून जास्तीची बरगडी असते. ती प्लेक्ससच्या खालच्या भागाला खालून ढकलते. करंगळी आणि अनामिकेच्या बाजूला मुंग्या येतात, हाताचे बारीक स्नायू वाळतात. आयटीतल्या मुलांना मान-खांदा दुखून हाताला मुंग्या येतात त्यामागे बहुतेकदा ही बरगडी नसते. पण एका साध्या एक्स-रेने ते कळतं.

दुचाकीवरून पडल्यावर हेल्मेट असूनही हात लुळा कसा पडतो?

पुणं दुचाकींचं शहर, त्यामुळे हा प्रश्न दर बॅचला येतो. हेल्मेट डोकं वाचवतं. पण माणूस खांद्यावर आपटला आणि डोकं उलट्या बाजूला फेकलं गेलं तर मान आणि खांद्यातला कोन एकदम उघडतो आणि ब्रेकिअल प्लेक्ससची वरची मुळं, सी ५ आणि सी ६, ताणली किंवा तुटली जातात. हात बाजूला लोंबतो, आत वळतो, कोपर वाकत नाही. कधी मूळ मज्जारज्जूतूनच उपटलं जातं. मग ते जोडता येत नाही, दुसरीकडची नर्व्ह आणून लावावी लागते.

घरच्यांनी इथे वेळ घालवू नये. 'सूज उतरली की हात हलेल' म्हणून वर्षभर मालिश करत बसणारी कुटुंबं आहेत. नर्व्हची शस्त्रक्रिया लागणार असेल तर ती पहिल्या सहा महिन्यांत झाली तर निकाल चांगले मिळतात. तोपर्यंत हालचाल न आलेले स्नायू हळूहळू कायमचे बाद होतात. फिजिओथेरपी पहिल्या दिवसापासून हवीच, पण सर्जनचा सल्लाही पहिल्या काही आठवड्यांत घ्यायला हवा.

संक्रांतीच्या दिवसांत मांजाने गळा कापला तर नेमकं काय कापलं जातं?

नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली. तरीही तो विकला जातो, आणि पुण्यात उड्डाणपुलांवर दुचाकीस्वारांचे जीव गेले आहेत. मला हे लिहिताना राग येतो आणि तो लपवायची गरज वाटत नाही.

त्वचेखाली प्लॅटिझ्मा हा पातळ स्नायू असतो. जखम त्याच्या वरच थांबली तर ती वरवरची. तो भेदला गेला तर आत काहीही कापलेलं असू शकतं असं धरूनच डॉक्टर चालतात. प्लॅटिझ्माच्या खाली लगेच ॲंटिरिअर आणि एक्स्टर्नल जुगुलर शिरा येतात. समोर मध्यभागी श्वासनलिका आणि स्वरयंत्र उघडंच असतं. कॅरोटिड धमन्या बाजूला स्टर्नोमॅस्टॉइडच्या आड असतात. पण थायरॉईड कूर्चेच्या वरच्या कडेपाशी त्या बऱ्याच उघड्या पडतात. एक्स्टर्नल जुगुलरचा खास धोका म्हणजे ती क्लॅव्हिकलच्या (गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या) वर जिथे खोल फॅशिया भेदते तिथे फॅशिया तिची भिंत धरून ठेवतो. ती कापली तर मिटत नाही, आणि श्वास घेताना हवा आत ओढली जाऊ शकते.

मदत करणाऱ्याने करायचं ते एवढंच: रक्त येतंय तिथे स्वच्छ कापड ठेवून बोटांनी किंवा तळव्याने सरळ, सतत दाबा. उचलून बघू नका. गळ्याभोवती गोल पट्टी आवळू नका. श्वास नीट असेल तर माणसाला आडवं ठेवा. रुतलेला मांजा ओढून काढू नका, जखमेबाहेरचा दोरा कापा. १०८ ला फोन करा. गाडीवर निघताना गळ्याभोवती जाड स्कार्फ गुंडाळणं हा छोटा उपाय आहे, पण तो करा.

सलूनमध्ये मान मोडून घेणं वाईट आहे का?

दाढीनंतर 'कट' आवाज काढून मान मोडून घ्यायची सवय अनेकांना आहे. माझं स्पष्ट मत, घेऊ नका. व्हर्टिब्रल धमनी सी ६ पासून सी १ पर्यंत मणक्यांच्या छिद्रांतून चढते. सी ७ च्या छिद्रातून ती जात नाही, तिथे फक्त लहान शिरा असतात. सी १ पाशी ती एकदम मागे वळते, त्या मणक्याच्या कमानीवरच्या खाचेतून जाते आणि कवटीत शिरते. मान वळण्याचं निम्मं काम सी १ आणि सी २ मध्ये होतं आणि धमनी नेमकी तिथेच वळणं घेत असते. जोराच्या झटक्याने तिचं आतलं अस्तर फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणं वैद्यकीय नोंदींत आहेत. असं होणं विरळ आहे, पण आवाजाच्या समाधानासाठी हा धोका पत्करण्यासारखा नाही.

मानेत गाठ लागली तर कधी दाखवायचं?

सर्दी-घशासोबत आलेली, दुखरी, हलणारी गाठ बहुधा उतरते. दोन-तीन आठवड्यांत उतरली नाही तर दाखवा. आपल्याकडे दोन कारणं विसरून चालत नाही. एक क्षयरोग. त्यात गाठी एकमेकींना चिकटतात, मऊ पडतात, आणि पू खोल फॅशियाला छोटं भोक पाडून त्वचेखाली साठतो. वरून छोटी दिसणारी गाठ आत मोठी असते. दुसरं तोंडाचा कर्करोग. तंबाखू, गुटखा किंवा मिश्री लावणाऱ्या माणसाच्या जबड्याखालची कडक, न दुखणारी गाठ एक दिवसही अंगावर काढू नये. डाव्या क्लॅव्हिकलच्या वरची कडक गाठ पोटातल्या कर्करोगाची असू शकते, कारण थोरॅसिक डक्ट त्याच कोपऱ्यात येते.

गाठ काढून तपासण्याआधी सुईची तपासणी होते, आणि ती आधी करावीच. मानेच्या मागच्या त्रिकोणात ॲक्सेसरी नर्व्ह फार उथळ, गाठींच्या मधूनच जाते. छोटंसं ऑपरेशन म्हणून घाईत गाठ काढली आणि ही नर्व्ह तुटली तर खांदा उतरतो आणि हात डोक्यावर नेता येत नाही. वेणी घालणं, वरच्या फळीवरचा डबा काढणं इतकंही अवघड होतं.

देहदान केलं तर ते खरंच उपयोगी पडतं का? आजोबांची इच्छा आहे.

या पानावरचं जवळजवळ सगळं कुणी ना कुणी दान केलेल्या देहावर शिकलेलं आहे. मानेच्या बाबतीत तर मॉडेल आणि टॅबलेटवरची त्रिमिती चित्रं फारच अपुरी पडतात. फॅशिया त्यांत दिसतो, पण बोटाला लागत नाही.

महाराष्ट्रात १९४९ च्या ॲनाटॉमी ॲक्टखाली हे चालतं. पुण्यात बी. जे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि इतर वैद्यकीय महाविद्यालयांच्या शरीररचनाशास्त्र विभागांत इच्छापत्राचा अर्ज मिळतो. अर्जापेक्षा घरच्यांची तयारी महत्त्वाची, कारण शेवटी फोन त्यांनाच करायचा असतो, आणि लवकर करायचा असतो. मृत्यूचा दाखला लागतो. पोलीस केस किंवा शवविच्छेदन झालेला देह आणि काही संसर्गजन्य आजार झालेल्यांचा देह घेता येत नाही. नेत्रदान केलेलं असेल तरी देहदान करता येतं. आजोबांना हे सगळं आत्ताच, त्यांच्यासमोर बसून विचारा आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

आमच्या डिसेक्शनच्या टेबलावर देहाच्या मानेची एक बाजू आधीच कापलेली होती. असं का?

देह टिकवण्यासाठी द्रव भरताना मांडीतली किंवा मानेतली धमनी उघडावी लागते. मानेतली घेतली असेल तर त्या बाजूचा शीथ उघडलेला असतो. तुम्ही दुसरी बाजू आधी करा आणि पूर्ण झाल्यावर कापलेल्या बाजूशी ताडून बघा. दोन्ही बाजूंच्या फांद्या क्वचितच सारख्या असतात. वेगळं काही दिसलं तर लगेच शिक्षकांना बोलवा, शेजारच्या टेबलांनाही दाखवा.

फिजिओथेरपीला एवढं सगळं लागतं का?

पॅराथायरॉईडचा उगम नाही आला तरी चालेल. स्केलिन, प्लेक्सस, ॲक्सेसरी नर्व्ह आणि व्हर्टिब्रल धमनी मात्र सर्जनइतकीच पक्की हवी, कारण रुग्णाच्या मानेला रोज हात तुम्ही लावणार आहात.